बनुबाई नाश्त्याच्या सभेला गेली

जांभूळटेकच्या बनुबाईला सगळं गाव वचकून असतं. सरपंचालाही ती "आरं ए" म्हणूनच हाक मारते. अशी बाई भर सभेत गप्प बसली म्हटलं, तर कुणाला पटेल? पण बसली खरी.

झालं होतं असं. गावात रोज एसटीची मुक्कामी गाडी यायची आणि सकाळी सहाला तालुक्याला निघायची. पावसाळ्यात रस्त्यावरची मोरी खचली आणि गाडी बंद पडली. मोरी दुरुस्त झाली, पण गाडी काही परत आली नाही. वडापची जीप नऊच्या आत हलत नाही, कारण माणसं कोंबून भरल्याशिवाय ड्रायव्हर चावीला हात लावत नाही. आणि बनुबाईची सून रेश्मा तालुक्याला दवाखान्यात कामाला, हजेरी आठाची. डॉक्टरांनी सांगूनच टाकलं होतं, एक तारखेपासून वेळेवर या, नाहीतर येऊच नका. मुलगा जयराज तिकडं कुपवाडच्या कारखान्यात. रेश्मा पांढरा कोट घालून निघाली की बनुबाई उगाच दारापर्यंत जायची. ती नोकरी सुटणार, हे काही म्हातारीला सोसवेना.

मग डोळ्यांच्या शिबिराला सेवा क्लबच्या ज्ञानदाबाई आल्या. बनुबाईनं त्यांचं डोकं खाल्लं. त्या म्हणाल्या, "आजी, दर गुरुवारी सव्वासातला तालुक्याला हॉटेलात आमची नाश्त्याची सभा असते. या खेपेला डेपोचे साहेब पाहुणे आहेत. तुमचं नाव लिहून ठेवते, त्यांनाच सांगा."

सव्वासातला पोचायचं, तर आदल्या दिवशीच निघायला हवं. बनुबाई बुधवारी भाचीकडं मुक्कामाला गेली आणि सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून हॉटेलच्या माडीवर हजर झाली. ज्ञानदाबाईंना नेमकं साताऱ्याला जावं लागलं होतं. कापड दुकानवाले देवदत्तशेठ क्लबचे अध्यक्ष, त्यांनी हिला नेऊन थेट साहेबांच्या शेजारी बसवलं.

घंटा वाजली. सगळे उठले, हीही उठली. सगळे बसले, हीही बसली. पोहे आले, वडे आले. एक जण कागद बघून काहीतरी वाचू लागला, बाकीचे खात होते. कुणाचा तरी वाढदिवस निघाला, टाळ्या पडल्या, वर शिरा आला. बनुबाईला काही उमगेना. ही न्याहारी म्हणायची का सभा? शेवटी तिनं मनाशी ठरवलं, माणसं खाता खाता गप्पा मारतात, तसलंच हे. खाणं आटोपलं की सभेला बसतील.

मग साहेब घास गिळून दोन शब्द बोलले. गाड्यांचं नवं वेळापत्रक आजच वर मंजुरीला जाणार होतं. कुणाची मागणी असेल तर आत्ताच सांगा, म्हणाले. देवदत्तशेठ हिच्याकडं वळले, "आजी, तुमचं नाव आहे इथं. बोला की."

बनुबाईनं साहेबांच्या ताटाकडं पाहिलं. अर्धा वडा तसाच होता. लग्न होऊन आली तेव्हाच सासूनं बजावलं होतं, जेवणाऱ्याच्या ताटावर गाऱ्हाणं घालू नये, त्याचा घास कडू होतो. आणि इथं तर नोकरीचं गाऱ्हाणं! ती म्हणाली, "आवं खाऊ द्या की त्यास्नी. माझं काय, मागनं सांगते."

लोक हसले. साहेबही हसले, भला माणूस. "आजींना माया आहे!" शेठ म्हणाले आणि पुढचा विषय निघाला, झाडं लावायचा. बनुबाईनं आपल्या ताटातला वडा उचलून साहेबांच्या ताटात ठेवला. "घ्या सायेब. पोटभर खावा."

साडेआठाला पुन्हा घंटा वाजली. खुर्च्या सरकल्या. बनुबाई पदर नीट करून बसली. आता सुरू होणार! पण माणसं जिन्याकडं निघाली. साहेबांनी हात जोडले, "येतो आजी," आणि गेले. हिला वाटलं, हात धुवायला गेले असतील.

पोरं टेबलं पुसायला लागली, तेव्हा ती उठली. "सभा कवा हाय?"

"झाली की आजी," देवदत्तशेठ म्हणाले. "आमची अशीच असते, खाता खाता."

बनुबाई जिना कसाबसा उतरली. साहेबांची गाडी केव्हाच गेली होती. शेठ मागोमाग आले. सगळं ऐकून त्यांचा चेहरा पडला. त्यांनी तिथल्या तिथं फोन लावला, पण साहेब उचलेनात. "वेळापत्रक गेलं असेल वर. आता पुढचं दिवाळीनंतर. पुढच्या गुरुवारी या, आपण अर्ज लिहू."

"येऊ कशानं?" बनुबाई म्हणाली.

भाचीच्या दारात पोचली तोवर रेश्माचा फोन आला. "आत्या, भेटलं का सायेब?"

"भेटलं."

"मग? काय म्हणलं?"

बनुबाई तिथंच पायरीवर बसली. एवढी तोंडाळ बाई, पण हुंदका आवरेना तिला.

"शेजारीच बसला व्हता गं माझ्या. इचारलं बी त्यानं. आन् मी त्येला वाढत बसले."