सहलीचा अर्ज

जुळे सोलापुरातल्या त्या शाळेत नववी ब चा वर्ग सोनम वाघमोडे मॅडमकडे होता. त्यांच्या हजेरीपत्रकात कधी खाडाखोड सापडायची नाही. बाकीचे शिक्षक आठवड्याची हजेरी शनिवारी एकदम भरत. सोनम मात्र रोज पहिल्या तासाला एकेक नाव घेऊन, मान वर करून पोराचं तोंड बघूनच खूण करायची. शिस्तीची बाई आहे, असं सगळे म्हणत. ते खरंही होतं. पण हजेरीचं तिला एवढं का, हे त्या शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं.

ऑगस्टमध्ये तिच्या वर्गातली उत्कर्षा डेंग्यूनं आजारी पडली. शाळा बुडाली सव्वीस दिवस. पालकसभेला तिचे आईवडील दवाखान्यात अडकलेले, म्हणून आजी आली. सत्तरीला टेकलेली, ताठ, पांढऱ्याशुभ्र केसांची बाई. ती दारातून "आत येऊ का?" म्हणाली आणि सोनमच्या हातातलं पेन थांबलं. तो आवाज ती जन्मात विसरली नसती.

त्या होत्या वैदेही मंगळवेढेकर. सोनम सांगोला तालुक्यातल्या आपल्या गावी दहावीत होती, तेव्हा तिथल्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका. त्यांनी सोनमला ओळखलं नाही. ओळखणार कशा? तेव्हा ती सोनम बिरप्पा गडदे होती, दोन वेण्यांची, किडकिडीत. वैदेहीबाई ऐसपैस बसल्या, नातीच्या अभ्यासाची चौकशी केली आणि जाता जाता म्हणाल्या, "आमच्या वेळी हजेरीत तडजोड नव्हती हो. हल्ली सगळं सैल झालंय."

सोनम हसली आणि त्यांना दारापर्यंत सोडून आली.

बावीस वर्षांपूर्वीचं ते दुष्काळाचं साल. गावात चारा उरला नव्हता. दिवाळी झाल्याबरोबर सोनमच्या बापानं, बिरप्पानं, मेंढरं हाकली ती थेट कर्नाटकाच्या हद्दीत, पाणी होतं तिकडं. सोनमची आई बनाबाई बाळंतपणात अंथरुणाला खिळलेली, म्हणून भाकरी करायला, कोकरं सांभाळायला सोनमला न्यावं लागलं. परत आली तेव्हा एकसष्ट दिवस बुडाले होते. परीक्षेला बसायला हजेरी कमी पडत होती. मुख्याध्यापिकेनं दोन ओळींची शिफारस लिहून बोर्डाकडं पाठवली, तर काम होण्यासारखं होतं.

बिरप्पा एकटाच शाळेत गेला. आजारपणाचा दाखला आणा, मग बघू, असं त्याला सांगण्यात आलं. तो म्हणाला, पोरगी आजारी नव्हती, मेंढरामागं होती. खोटं कसं लिहून आणू? त्यावर वैदेहीबाई जे बोलल्या ते त्यानं घरी येऊन बनाबाईला सांगितलं, आणि पलीकडच्या खोलीत सोनमनं ऐकलं.

"मेंढरामागं फिरवायची हौस आहे ना? मग फिरवा की. परीक्षा कशाला पाहिजे?"

सोनमचं वर्ष गेलं. तिच्या बाकावर बसणाऱ्या मुलींचे निकाल लागले त्या दिवशी बनाबाईनं घराचं दार दिवसभर लावून घेतलं होतं. सोयरिकी यायला लागल्या. बिरप्पानं सगळ्यांना परत पाठवलं आणि पुढच्या वर्षी पोरीला बाहेरून परीक्षेला बसवलं. सोनम शिकली, शिक्षिका झाली, चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर असलेल्या शिवपुत्र वाघमोडेशी तिचं लग्न झालं. सगळं नीट झालं. पण ते वाक्य आत तसंच राहिलं, चपलेतल्या खड्यासारखं.

जानेवारीत उत्कर्षाचे वडील हृषीकेश शाळेत आले. दातांचे डॉक्टर, हसतमुख माणूस. त्यांची बहीण ऑस्ट्रेलियात असते, तिच्याकडं सगळे जाणार होते, आजीसुद्धा. मे महिन्यात तिकडं थंडी, शिवाय तिकिटं महाग, म्हणून आत्ताच. शाळेचे चोवीस दिवस बुडतील, चालेल ना?

सोनमच्या डोक्यात हिशेब तयार होता. डेंग्यूचे सव्वीस, किरकोळ पाच, वर चोवीस. वर्षाच्या दोनशे दिवसांतले पंचावन्न. शाळेचा नियम होता की पंचाहत्तर टक्क्यांखाली हजेरी गेली तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही, नववीत पुन्हा बसायचं. पाच दिवस आधी परत या, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. सांगणं तिचं कामच होतं.

"जाऊन या," ती म्हणाली. "फक्त अर्ज द्या. कारण स्पष्ट लिहा."

हृषीकेशनं तिथंच टेबलावर लिहून दिलं. कारण, कौटुंबिक सहल, ऑस्ट्रेलिया. खाली सही केली. सोनमनं तो कागद हजेरीपत्रकात घडी न घालता ठेवला. त्या दिवशी घरी जाताना तिनं स्कूटी सातरस्त्याला उगाचच थांबवली आणि उसाचा रस प्यायली. आपण काय केलं ते तिला नीट कळत होतं. उत्कर्षा गुणी पोर होती, तिच्या तासाला पहिल्या बाकावर बसायची, हेही तिला आठवलं. तरी रस गोड लागला.

फेब्रुवारीत कुटुंब परतलं. चार दिवसांनी शाळेची नोटीस घरी गेली. हजेरी साडेबहात्तर टक्के.

हृषीकेश धावत आले. आधी चिडले, मग समजावू लागले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मित्राचा दाखला घेऊन आले, की मुलीला त्या काळात पुन्हा ताप होता. सोनमनं त्यांचाच अर्ज त्या दाखल्याशेजारी ठेवला. त्यांनी दाखला उचलून खिशात घातला. मुख्याध्यापक सिद्धाराम सरांकडं ते गेले, तर सर म्हणाले की अशी प्रकरणं शाळा समितीपुढं जातात, आणि वर्गशिक्षिकेची शिफारस नसेल तर समिती विचारच करत नाही.

मग वैदेहीबाई आल्या.

शिक्षकांच्या खोलीत त्या वेळी कुणी नव्हतं. त्यांनी सुरुवात गोड केली. आपणही शिक्षिकाच होतो, पोरीचं वर्ष म्हणजे काय ते आपल्यासारख्यांनी जाणायचं, नियम माणसासाठी असतात. सोनम ऐकत राहिली. त्यांचं बोलून झाल्यावर तिनं आपलं माहेरचं नाव सांगितलं. गाव, साल, दुष्काळ, एकसष्ट दिवस, सगळं सांगितलं. ते वाक्यसुद्धा, जसंच्या तसं.

वैदेहीबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "मला नाही बाई आठवत. इतकी मुलं हाताखालून गेली."

सोनमला वाटलं होतं की त्या सारवासारव करतील, रडतील, नाहीतर रागावतील. आठवतच नसेल, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. ती उठली.

"आठवेपर्यंत बसा," ती म्हणाली आणि तासाला निघून गेली.

तिनं एक तास घेतला, मग मोकळा तास होता तरी दुसऱ्याच्या वर्गावर जाऊन बसली. मधल्या सुट्टीत खोलीत शिक्षक आले, डबे उघडले, कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या बाईकडं बघत जेवले. कुणीतरी पाणी दिलं. तिसरा तास संपवून सोनम परत आली, तेव्हा वैदेहीबाई तिथंच होत्या. चेहरा उतरला होता.

"त्यांच्या हातात काठी होती," त्या हळू म्हणाल्या. "काठी बाहेर ठेवा, असं मी त्यांना म्हटलं. ते ठेवून आले. मग मी खुर्ची नाही दिली. उभेच होते."

काठीचं आणि खुर्चीचं बिरप्पानं घरी सांगितलं नव्हतं.  सोनमच्या मनात कुठं थोडी दया उरली असेल, तर ती तेवढ्यात गेली.

"मी शिफारस लिहीन," ती म्हणाली. "कारण सहल असंच लिहीन. सोबत तुमचा कागद जोडायचा. माझ्या बापाला तुम्ही काय म्हणालात, कसं उभं केलंत, शिफारस का दिली नाही, सगळं तुमच्या अक्षरात. समितीपुढं तो वाचला जाईल."

"समितीत माझ्या ओळखीची माणसं आहेत."

"मला माहीत आहे."

 वैदेहीबाईंनी कागद मागितला. अक्षर अजून वळणदार होतं.

समितीच्या बैठकीत सिद्धाराम सरांनी तो कागद खालच्या आवाजात वाचून दाखवला. समितीतल्या दोघांनी वैदेहीबाईंच्या हाताखाली नोकरी केलेली होती. दोघंही टेबलाकडं बघत राहिले. उत्कर्षाला परीक्षेला बसू द्यायचं ठरलं. वर्षअखेरीच्या बक्षीस समारंभाला त्या वर्षी वैदेहीबाईंना बोलवायचं समितीनं आधीच ठरवलं होतं. निमंत्रण गेलं, पण त्या आल्या नाहीत. त्यानंतर त्या शाळेच्या रस्त्यानंही दिसल्या नाहीत.

रविवारी सोनम कागदाची झेरॉक्स घेऊन गावी गेली. बिरप्पा आता थकलाय, मेंढरं भावाच्या पोरांकडं दिलीत. अंगणात खाटेवर बसून त्यानं सगळं ऐकलं. त्याला वाचता येत नाही, म्हणून तिनं वाचून दाखवलं. काठीपाशी आल्यावर त्यानं डोळे मिटले.

"परत वाच," तो म्हणाला.

तिनं परत वाचलं.

"तिनंच लिवलं न्हवं हे? तिच्या हातानं?"

"व्हय आबा. तिच्याच."

"मग बनालाबी बोलव. तिलाबी ऐकू दे."

बनाबाई चुलीजवळून उठून आली, आणि सोनमनं तिसऱ्यांदा वाचलं.  त्या दिवशी बनाबाईनं लेकीसाठी पुरणाचा घाट घातला, कुठला सण नसताना.

उत्कर्षा पास झाली, चांगल्या मार्कांनी. आजीनं काय लिहून दिलं ते घरात तिला कळलंच होतं, आणि वडिलांना जाऊन या म्हणताना मॅडमना हजेरीचा आकडा माहीत होता, हे तिनं स्वतः मोजून काढलं. जूनमध्ये दहावीचे वर्ग सुरू झाले. सोनमला वर्गाबरोबर पुढं दहावी ब मिळाली होती. पहिल्याच दिवशी उत्कर्षा तुकडी बदलण्याचा अर्ज घेऊन समोर उभी राहिली. कारणाची जागा कोरी होती.

"कारण लिहिलं नाहीस," सोनम म्हणाली.

"तुम्हाला माहीत आहे, मॅडम."

सोनमनं तिच्याकडं पाहिलं. मुलीनं नजर खाली घेतली नाही. सोनमनं कोऱ्या जागेखाली सही केली, तारीख घातली आणि हजेरीपत्रकातल्या तिच्या नावावर पट्टीनं एक सरळ रेघ ओढली.