नापाससाहेबांचा जर्दाळू

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला जगात काहीच बरोबर दिसत नाही. आता हा त्या माणसाचा दोष की खात्याचा, ते खात्यालाच ठाऊक. साहेबांनी उभा जन्म लोकांचे तराजू उलटेपालटे करून त्यांत खोट काढण्यात घालवला. पास केलेला तराजू त्यांना कधी लक्षात राहिला नाही. नापास केलेले मात्र झोपेतही तोंडपाठ. निवृत्तीनंतर तराजू सुटले, पण खोट काढायची खाज काही सुटली नाही. मग त्यांनी तंबाखू हाती घेतला.

पाइपमधला तंबाखू, बरं का. तळहातावर मळायचा नव्हे. चुकून कुणी तसं समजलं, तर साहेब त्या माणसाशी आठवडाभर बोलत नसत. आणि तो आठवडा त्या माणसाला फार सुखाचा जाई.

बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत पाइपचं एकच दुकान होतं. दुकानाच्या मागे एक खोली. तिच्या एकमेव खिडकीसमोर शेजारच्यांनी भिंत बांधलेली, त्यामुळे आतला धूर आतच मुक्कामाला असे. तिथे संध्याकाळी तिघं बसत: साहेब, दातांचे डॉक्टर आणि घड्याळजी. डॉक्टर दिवसभर इतरांच्या तोंडात डोकावून थकलेले असत, त्यामुळे तिथे आले की स्वतःचं तोंड फारसं उघडत नसत. घड्याळजींना ऐकू कमी येई आणि त्याचा त्यांना जराही खेद नव्हता. म्हणजे बोलायला साहेब एकटेच उरत, आणि ते पुरून उरत.

दुकानदार वारल्यावर गल्ला त्यांची बायको सांभाळू लागली. तिघंही तिला वहिनी म्हणत. नवऱ्याची एक रीत तिने चालू ठेवली होती. नवं मिश्रण केलं की ते बिनचिठ्ठीच्या बरणीत महिनाभर मागच्या खोलीत ठेवायचं. बसणाऱ्यांनी फुकट भरावं, फुकट ओढावं, आणि शेवटच्या रविवारी निकाल द्यावा. पास झालं तर बरणीला नाव चिकटून ती काचेच्या कपाटात जाई. नापास झालं की कचऱ्यात, आणि ते मिश्रण पुन्हा म्हणून करायचं नाही. निकाल अर्थात साहेब देत. बाकीचे दोघं ‘हो ना’ म्हणत. वहिनींच्या हातची कितीतरी मिश्रणं अशी मातीला मिळाली होती, आणि म्हणूनच साहेबांच्या पाठीमागे त्यांचं नाव ‘नापास’ पडलं होतं.

त्या महिन्यात वहिनींनी बरणीचं झाकण काढलं आणि खोलीभर जर्दाळू दरवळला. मागून चेरी.

साहेबांनी बरणीत नाक घातलं आणि असं बाहेर काढलं, जणू आत उंदीर मेलाय.

“वहिनी, हे काय आहे?”

“तंबाखू आहे. फळांच्या अर्कात मुरवलाय. नव्या पोरांना असलाच लागतो हल्ली.”

“तंबाखू? शाळेतल्या पोरींकडे वासाचं खोडरबर असतं, ते किसून ठेवलंय तुम्ही!”

“आधी ओढून तर बघा, भावोजी.”

साहेबांनी ओढला. उपकार केल्यासारखा चारदोन झुरके. “चव शून्य,” ते म्हणाले. “तोंडात नुसती गरम वाफ. जिभेला चटका. अहो, असल्या तंबाखूची सगळी मजा समोर बसलेल्याला, ओढणारा आपला नुसता उदबत्तीचं काम करतो! नटव्या माणसांचा तंबाखू हा. ज्याला ओढायचं कळत नाही आणि ओढतोय हे दाखवायचंय, त्याचा.”

“हो ना,” डॉक्टर म्हणाले. त्यांना खरं तर वास आवडला होता, पण दिवसाचा शेवट भांडणाने करायची त्यांची तयारी नव्हती.

मग साहेबांनी खात्यातल्या सवयीने बरणीतला चिमूटभर माल कागदाच्या पुडीत बांधला. गुन्हेगाराचा नमुना जप्त केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आणि पाइप झाडता झाडता नेहमीचं प्रवचन झोडलं, की लाकूड वास धरतं. एकदा अत्तरी तंबाखू भरला की पाइप बाटला. म्हणून माणूस एक, पाइप एक, तंबाखू एक. आताचे हे चार झुरके त्यांनी घड्याळजींच्या पाइपात ओढले होते, हे सांगायला नकोच. दुसऱ्याचा पाइप बाटवताना साहेबांना तत्त्व आडवं येत नसे.

घरी मात्र साहेबांचा तोरा उंबऱ्याबाहेरच राहत असे. त्यांचा तो काळा, धुरावर वाळवलेला, ‘पुरुषी’ तंबाखू पेटला की गोणपाट जळाल्यासारखा वास सुटे. बाईसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, घराला रंग दिला त्या वर्षीच त्यांना गॅलरीत हद्दपार केलं होतं. तिथे वाळत घातलेल्या चादरी, गळकी बादली आणि एक स्टूल. थंडीत साहेब कानाला मफलर गुंडाळून त्या स्टुलावर बसत आणि काचेतून आत बघत. आत सोफा, पंखा, टीव्ही, आणि सोफ्यावर पाय पसरून बाईसाहेब. ज्या माणसासमोर भल्याभल्या व्यापाऱ्यांच्या धोतराला घाम सुटे, तो माणूस स्वतःच्या घरात दारावरल्या मांजरासारखा काचेला नाक लावून बसलेला. लोक हसत, पण साहेबांना वाटे की आपण मोकळ्या हवेचे शौकीन आहोत.

एका सोमवारी दुकान बंद, आणि साहेबांचा तंबाखूचा बटवा रिकामा. खिशात ती जप्त केलेली पुडी. तलफ कुणाला चुकली आहे? इकडेतिकडे बघत त्यांनी तो माल आपल्या एकुलत्या पाइपात भरला आणि पेटवला.

धूर फटीतून आत गेला. बाईसाहेब दार उघडून उभ्या राहिल्या. साहेबांनी भांडणासाठी पदर खोचावा तशा बाह्या सावरल्या.

“कसला वास हो हा?”

“काही नाही. फालतू आहे. विझवतो.”

“विझवू नका. आत या.”

“आत?”

“बहिरे झालात का? आत या म्हणते. पाय पुसा.”

आणि साहेब सोफ्यावर बसले. पाठीला उशी, डोक्यावर पंखा. तोंडात चव म्हणाल तर उकळत्या पाण्याची. पण बाईसाहेबांनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला आणि चहाचा अर्धा कप त्यांच्यापुढे सरकवला. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर त्यांच्या श्वासाकडे त्या बाईने चांगल्या अर्थाने लक्ष दिल्याचं साहेबांना आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून साहेबांचे नमुने वाढले. “पुरावा भक्कम हवा,” म्हणत ते रोज बरणीतून मूठभर माल उचलत. दुसरा पाइप घ्यावा तर दुकान तेच. वहिनी विचारणार, कशाला हो? जुने पाइप तर त्यांनी तत्त्वाच्या भरात घड्याळजींना केव्हाच देऊन टाकले होते. परत मागायचे म्हणजे तत्त्व परत मागण्यासारखं. तेव्हा त्याच पाइपात घरी जर्दाळू, दुकानात काळा. लाकूड मुकाट्याने वास पीत राहिलं. ज्याचं नाक त्या वासाला सरावलं, त्याला ते कळणार कसं? जगाचं वजन तपासणाऱ्याला स्वतःचा तराजू तपासायची बुद्धी होत नाही, ती अशी.

महिना सरत आला तशी साहेबांची झोप उडाली. रविवारी नापास म्हटलं, तर मिश्रण कचऱ्यात आणि आपण परत स्टुलावर. पास म्हटलं, तर नाक कापलं जाणार. बरं, नाकाखेरीज या माणसाजवळ मिरवायला दुसरं होतं काय?

रविवारी तिघं जमले. वहिनी दाराशी हात बांधून उभ्या राहिल्या. साहेबांनी आपला काळा तंबाखू सावकाश पाइपात ठासला. विचार करून त्यांनी एक तोड काढली होती.

“हे बघा वहिनी. माल भिकार आहे, यात वाद नाही. पण जगात मूर्खांची संख्या भरपूर आहे. त्यांच्या सोयीसाठी एखादी बरणी कपाटाच्या कोपऱ्यात असू द्यावी. खालच्या खणात. माझी हरकत नाही.”

“तुमची हरकत नाही?” वहिनींच्या भुवया वर गेल्या. “बरं आहे ना, भावोजी?”

“उदार मनाने म्हणतोय.”

“आजवर कुठे होतं ते मन?”

साहेबांनी उत्तर टाळायला काडी ओढली आणि ऐटीत मोठा झुरका घेतला. त्या बंद खोलीत धूर पसरला. आधी गोणपाट. आणि त्या गोणपाटाच्या आतून, लाजत लाजत, पिकलेला जर्दाळू बाहेर आला. मागून चेरी.

डॉक्टरांनी नाक वर केलं. घड्याळजींनी बरणीकडे बघितलं. झाकण घट्ट होतं. घड्याळजींना ऐकू येत नसलं तरी त्यांचं नाक शाबूत होतं.

“तुमचा पाइप बाटलाय हो!” ते मोठ्याने ओरडले.

“छे! हे... हे कपड्यांना लागलंय. बरणी इथेच असते ना.”

“पाइपातून येतंय,” डॉक्टर म्हणाले. वर्षानुवर्षं ‘हो ना’ म्हटलेल्या माणसाने जबड्यावरून हात फिरवला आणि तो सुखावल्यासारखा हसला. “लाकूड वास धरतं म्हणे. एकदा-दोनदा भरून इतका नाही धरत. रोजचं आहे हे.”

“तरी म्हटलं बरणी अर्धी कशी झाली!” वहिनी पुढे आल्या. “भावोजी, माझी किती मिश्रणं तुम्ही कचऱ्यात घातलीत. आज खरं बोला. नाहीतर ही बरणी आत्ता, तुमच्यासमोर, मोरीत रिकामी करते. कसा लागतो?”

त्यांनी खरोखरच बरणी उचलली. साहेबांना गॅलरी दिसली, गळकी बादली दिसली.

“थांबा!” ते म्हणाले. आवाज खात्यातला नव्हता. “मला काहीच लागत नाही, वहिनी. आजही नाही लागत. गरम वाफ. पण आमच्या हिला आवडतो. ओढला की ही मला आत बसू देते.”

डॉक्टर इतके हसले की त्यांना ठसका लागला. घड्याळजींना कुणीतरी कानात सांगितलं. ते उशिरा हसले, पण जास्त वेळ हसले.

“बायकोच्या परवानगीने ओढतात!”

“आणि आम्हांला सांगतात, एक पाइप, एक तंबाखू!”

साहेबांनी दोघांकडे बघितलं. एकाच्या घरी सुनेने गच्चीवर जायला सांगितलेलं, दुसऱ्याला बायकोने जिन्याखाली जागा दिलेली. म्हणूनच तर ही दोन ध्यानं रोज या बिनहवेच्या खुराड्यात येऊन बसत, आणि त्याला शौक म्हणत. नापास, साहेब मनात म्हणाले. दोघंही.

“पास,” ते वहिनींना म्हणाले. “बटवाभर बांधून द्या.”

“नमुना की विकत?”

“विकत.”

वहिनींनी बांधून दिला, आणि साहेब निघताना त्या म्हणाल्या, “पुढच्या बरणीचा निकाल डॉक्टर देतील.” साहेब बटवा खिशात घालून बाहेर पडले.

घरी बाईसाहेब टीव्हीसमोर होत्या. साहेबांनी पाइप भरला, पेटवला, आणि आपण आज कोणासाठी काय गमावलं ते त्यांना सविस्तर सांगितलं. मान कशी गेली, शब्द कसा गेला, त्या दोन टोणग्यांनी कसं हसून घेतलं.

बाईसाहेबांनी सगळं ऐकलं. मग हवा हुंगली.

“आज चेरी जास्त झालीय,” त्या म्हणाल्या. “वहिनींना सांगा, जरा कमी घाला. आणि पाय खाली घ्या, सोफा मळतो.”

साहेबांनी पाय खाली घेतले.