फळ्यावर लिहिलेली मेथी

डायबेटिसच्या गोळ्या बंद करा, असं मी एका माणसाला सांगितलं. तोंडी नाही; ग्रंथालयाच्या फळ्यावर, रंगीत खडूनं, भोवती वेलबुट्टी काढून.

तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. म्हणजे अक्कल यायला भरपूर वेळ मिळाला होता. बरकतपुऱ्यातल्या आमच्या मराठी ग्रंथालयात रोजचा फळा ग्रंथपाल म्हणून मीच लिही. वाचक सगळे म्हातारे, मुलं-नातवंडं तेलुगू-इंग्रजीत रमलेली. मोबाइलवर काही आलं की मी ते मराठीत उतरवून देई. असाच नणंदेनं एक हिंदी निरोप पाठवला: चाळीस दिवस मेथीचं पाणी प्या, गोळ्या सोडा. मी उद्गारचिन्हं हाकलली, भाषा सोवळी केली, खाली ऐटीत सही ठोकली. शुद्धलेखन तीनदा तपासलं. खरंखोटं एकदाही नाही.

कोर्टातले एक निवृत्त पेशकार सकाळी सगळ्यांच्या आधी येत. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं, साखरेच्या गोळ्या बंद केल्या आणि बेगम बाजारातून दोन किलो मेथी आणली.

"बाई, लई कडू है हो!"

"औषध कधी गोड असतं का, पेशकारसाहेब?" मी म्हटलं. काय ती माझी हुशारी!

महिनाभरात त्यांचं येणं थांबलं. टाचेची जखम चिघळत गेली होती. डावा पाय गुडघ्याखाली कापला. मी दवाखान्यात गेले, तर त्यांच्या बायकोनं ती वही माझ्यापुढे धरली.

मग दर शनिवारी मी वाचनकक्षात वर्ग सुरू केला. निवृत्त झाले तरी अजून घेते. निरोप मुळात कुणी लिहिला, कधीचा आहे, आणखी कुठे छापलाय का, ते शोधायचं. औषधाचं असेल तर आधी डॉक्टर. पहिला धडा माझ्याच फळ्याचा. स्वतःची नक्कल करते, लोक हसतात. पेशकारसाहेबही चाकाच्या खुर्चीत बसून हसतात. ते मला बघवत नाही.

गेल्या शनिवारी वर्ग संपल्यावर त्यांनी मोबाइल पुढे केला. पायाच्या मुंग्या घालवणाऱ्या कसल्याशा तेलाचा निरोप होता. उजव्या पायाला आता मुंग्या येतात.

"आत्ताच शिकवलं ना? शोधा बघू, कुणी लिहिलंय ते," मी म्हटलं.

ते म्हणाले, "मला कशाला शोधायला लावता, बाई? तुम्ही वाचा अन् सांगा, लावू का नक्को. तुम्ही सांगितलं की झालं."