टाकीतलं मीठ

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या काकांनी बैठकीच्या खोलीत, काचेच्या टाकीत, अख्खा समुद्र पाळला होता. त्यात जिवंत प्रवाळ होते आणि नारिंगी माशांची एक जोडी. सगळं त्यांनी पोटच्या पोरासारखं जपलेलं. मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचाही गेली. काहीही बोलायला जावं तर तोंडातून एकच शब्द निघे, "हो."

टाकीचं काम काकूंनी अंगावर घेतलं. रोज थोडं पाणी उडून जाई, आणि त्या मीठ कालवून नवं पाणी भरत. खरं तर पाणी उडालं तरी मीठ मागेच राहतं, म्हणून वरून गोडंच पाणी घालायचं असतं. हे फक्त काकांना ठाऊक होतं.

"खारंच घालायचं ना?" काकू बादली उचलून विचारत.

काका जिवाचा आटापिटा करत. मानही मनासारखी हलेना. डाव्या हाताने ते मिठाच्या डब्याकडे बोट दाखवत, आणि तोंडातून येई, "हो! हो!"

"कळलं, ओरडू नका. घालते अजून."

प्रवाळ आक्रसले, पांढरेफटक पडले. मासे धापा टाकू लागले. काका बैठकीतच टाकलेल्या पलंगावरून बघत राहिले. एका सकाळी दोन्ही मासे मेलेले सापडले.

काकू त्यांच्या उशाशी बसून रडल्या. "जिवापाड केलं हो मी. माझंच काही चुकलं का?"

काकांच्या घशाशी तोच एक शब्द आला. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि काकूंचा ओला हात धरून ठेवला.