इराप्पाच्या हातची डिस्क

गॅरेजात किस्से जमवावे लागत नाहीत. गाडी दुरुस्त होऊन जाते आणि गाडीवाल्याचं एखादं वाक्य मागं राहतं. मी शाळा फार शिकलो नाही. पण कोल्हापुरात, उद्यमनगरात, स्वतःच्या नावाच्या पाटीखाली गॅरेज चालवलं आणि ब्रेकचं काम कधी कसंतरी उरकून दिलं नाही. त्यामुळं माझ्याकडं साठलेली वाक्यं बहुतेक ब्रेकचीच आहेत. त्यातली सगळीच हसण्यासारखी नाहीत.

*

शाहूवाडीकडचा एक वडापवाला होता. माणसं भरून जीप पळवायचा. त्याच्या गाडीचं पुढचं चाक उतरवलं, तर ब्रेकचं पॅड संपून नुसता पत्रा डिस्कवर, चाकामागच्या लोखंडी चकतीवर, घासत होता. डिस्कवर नांगरट केल्यासारख्या चऱ्या पडलेल्या.

मी विचारलं, "आवाज येत नव्हता?"

"येत हुता की! लई येत हुता. म्हणून टेप मोठा केला!"

"आणि मागं बसलेली माणसं?"

"तीच म्हणाली, अजून मोठा कर!"

मी हसलो नाही. त्या माणसांत बायकापोरं होती.

*

एका गुळाच्या व्यापाऱ्याच्या कारला नवीन डिस्क बसवल्या. खंडेनवमी झाली आणि शेट टोचन लावून गाडी ओढत घेऊन आले. स्वतःच्याच बंगल्याचं फाटक पाडलं होतं.

"तुमच्या मिस्त्रीनं काय बसवलंय? ब्रेक लागतच न्हाय!"

चाक काढलं. डिस्क तेलानं चकचकीत.

"शेट, हे काय?"

"पूजा हुती. गाडी धुतली आणि सगळ्या लोखंडावर खोबरेलाचा हात फिरवला. गंज नको म्हणून."

"डिस्कवर पण?"

"मग तिनंच काय पाप केलंय?"

*

ज्या मिस्त्रीवर शेट तापले होते, तो इराप्पा. सीमाभागातला, घरात कानडी, बाहेर मराठी. माझ्याकडं ब्रेकचं काम त्याच्याच हातात असे.

चंदगडच्या दत्तानं वडापची जीप आणली. तिकडच्या पावसानं डिस्क गंजून हबला अशी चिकटली होती, की हातोडा मारून आमचे खांदे भरून आले. शेवटी इराप्पा चाकापुढं मांडी घालून बसला. हळूहळू ठोकत डिस्कशी बोलायला लागला, "बा, बा." म्हणजे कानडीत ये, ये. आणि डिस्क निघाली!

इराप्पा म्हणाला, "मालक, तुमी उगंच मराठीत शिव्या घालत हुता."

सगळ्यांत मोठ्यानं दत्ता हसला. दोन्ही बाजूंना नव्या डिस्क बसवून घेतल्या आणि गेला.

*

त्याच आठवड्यात दत्ताची जीप घाटात धुक्यात खाली गेली. पॅसेंजर वाचले. दत्ता गेला.

जीप वर काढल्यावर तपासणीला मीही उभा होतो. आरटीओच्या साहेबानं चाकं उतरवायला लावली, डिस्क पाहिल्या, पॅड पाहिले, पाइप पाहिले. म्हणाला, "ब्रेक चांगले आहेत. ड्रायव्हरचा डोळा लागला." पुढं बसलेल्या पॅसेंजरनंही तेच सांगितलं.

पण वडापच्या थांब्यावर एवढं ऐकून कोण घेतो? ड्रायव्हर माझ्या दारात गाडी लावायच्या आधीच विचारायचे, "पावणं, ब्रेकला दुसरा मिस्त्री हाय काय?"

मी सांगायचो, "न्हाय. दुसरं गॅरेज हाय. ते बघा."

गाड्या परत जायच्या. इराप्पा ऐकत असायचा.

*

एक दिवस एक गाडी ब्रेकच्या कामाला थांबली. इराप्पानं चाक उतरवलं, डिस्ककडं बघत बसला आणि काही न करता चाक परत चढवलं. त्या दिवसापासून तो ऑइल बदलायचा, ग्रीस भरायचा. ब्रेकला शिवायचा नाही.

मी चिडलो. "साहेबानं सांगितलं की! डिस्क चांगल्या हुत्या."

"त्यांनी डिस्क बघितली मालक. माझा हात कुणी बघितला?"

काही दिवसांनी म्हणाला, "गावाकडं जातो. शेती बघतो." ज्याला शेतीतलं काही येत नव्हतं, तो हे बोलत होता. मी त्याला जा म्हणालो नाही आणि राहा असंही म्हणालो नाही.

*

इराप्पा हत्यारं पुसून पेटीत भरत होता. दारात एक जीप थांबली. चालवणारा पोरगा दत्तासारखाच दिसत होता. त्याचा धाकटा भाऊ. शेजारून त्यांची आई उतरली.

म्हातारी सरळ इराप्पापुढं जाऊन उभी राहिली.

"इराप्पा तूच न्हवं?"

"व्हय अव्वा."

"ह्यो पण वडापच करतोय. ऐकत न्हाय माझं. पुढच्या डिस्का बदलायच्या हाईत. तू बदल."

इराप्पानं दोन्ही हात तिच्यापुढं धरले. "अव्वा, हात थरथरत्यात."

म्हातारीनं हाताकडं बघितलं. बाजूचा जुना टायर ओढला आणि त्यावर बसली.

"मग सावकाश कर. मला काय घाई न्हाय."