वरच्या मजल्यावरचा विस्तव

मालकीणबाईंनी हिरवी बादली आख्खी ओतली. माझ्या खाटेखाली. खाटेवर मी, माझ्या कुशीत वीस दिवसांची लेक, आणि खाली शेगडीत पाणी. चर्र आवाज झाला आणि राखेचा लोट वर आला. माझ्या तोंडात राख, लेकीच्या तोंडावर राख. एवढीशी पोर, तिला अजून धड रडता येत नव्हतं. ती शिंकली.

"आमच्या बाळंतिणीचा विस्तव खाली आणता व्हय!" मालकीणबाई ओरडल्या. "तरीच म्हणते, माझ्या पोरीचं दूध का आटलं. तुमच्या लोकांत चालत असंल हे. आमच्यात चालत न्हाई."

तुमच्या लोकांत. आईवरून शिवी दिली असती तरी मी उलटी दिली असती, माझं तोंड काही कमी नाही. पण त्या दोन शब्दांवर मी फक्त लेकीच्या तोंडावरची राख पुसली. माझी आई भिंतीला चिकटून उभी होती. साठीची बाई, हात जोडून म्हणाली, "चुकलं बाई."

ते पाणी मला लागलं नाही एवढं ते "चुकलं" लागलं.

खोलीचं आधी सांगते, म्हणजे शेगडी का लागत होती ते कळेल. महाळुंग्याला मालकांचा दोन मजली बंगला, आणि बंगल्याच्या पाठीमागे ओळीनं दहा पत्र्याच्या खोल्या. आमची सातवी. नवरा कंपनीत प्रेस शॉपला, मी दुसऱ्या कंपनीत वायरिंगच्या लाईनवर. बंगल्याची सावली हिवाळाभर आमच्या दारात पसरलेली. समोरच्या रस्त्यावर लोक उन्हात उभे राहून चहा प्यायचे आणि आम्ही दुपारी बारा वाजता स्वेटर घालून भाजी चिरायचो. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये चार बोटांची फट होती. वारा तिथून यायचा आणि सरळ खाटेवर पडायचा.

लेक दिवस भरायच्या आधीच झाली. दोन किलोसुद्धा भरली नाही. दवाखान्यातून आठव्या दिवशी सोडताना सिस्टरनी माझा हात धरून सांगितलं, "बाई, हिला गार पडू देऊ नको. तळपायाला हात लावून बघत जा. पाय गार लागले की कपडे काढून छातीशी धर. गार पडून पोर हातची जाते, कळतसुद्धा नाही." मी त्या दिवसापासून दर पंधरा मिनिटांनी पाय बघायला लागले. झोपेत पण हात आपोआप पायाकडं जायचा.

नवऱ्यानं एका मित्राकडून हीटर आणला. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी आमच्या खोलीचं मेन बटणच खाली ओढलं. "कॉमन मीटर हाय. एकीनं लावला की दहाजणी लावतील." बरं. मग त्यानं कंपनीतून पॅकिंगचा फोम आणला, रीतसर गेटपास करून, आणि फटीत कोंबला. संध्याकाळपर्यंत तो उपसून बाहेर टाकलेला. "बंगल्याच्या मागं भंगारवाल्यासारखं दिसतंय." बरं. मग कोळसा आणला. "खोलीत शेगडी पेटवायची न्हाई. पत्रा काळा हुतो." नवरा म्हणाला, "जाऊ दे ना राव, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे." पोरीला दोन महिने काढायचे असते तर काढलेही असते. तिला एकेक दिवस काढायचा होता.

माझं बाळंतपण करायला आई परभणीकडून आली होती. तिच्या हाताचं काय सांगू! आमच्या गावात बाळंतिणी सोडवायच्या त्या आमच्याच वस्तीतल्या बायकांनी. गावातली निम्मी पोरं माझ्या आईच्या हातात पहिल्यांदा रडली. तिचा हात कायम ऊबदार. पोटावर ठेवला की कळ थांबायची.

नेमकी त्याच आठवड्यात मालकीणबाईंची लेक माहेरी बाळंत झालेली. तिलाही मुलगीच. मालिशवाली सुट्टीवर गेली म्हणून मालकीणबाई खाली आल्या, दारातूनच आईला म्हणाल्या, "मावशी, आमच्या ताईला पण तेवढं चोळून द्या की." आई खूश. तिला वाटलं, शहरात येऊनही आपल्या हाताला मान आहे. सकाळी वर जायची, गच्चीवर ताईला तेल लावायची, बाळाला न्हाऊ घालायची, खाटेखाली शेगडी ठेवून दोघींना शेक द्यायची. ओव्याची धुरी द्यायची. वरच्या मजल्यावर पत्रा नव्हता, तिथं काळं व्हायला काही नव्हतं म्हणे.

तीन दिवस हे छान चाललं. चौथ्या दिवशी मालकीणबाई माझं बाळ बघायला म्हणून आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्धाचा. त्यांनी फोटो बघितला, मग आईला बघितलं, मग आईचे हात बघितले. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या आणि बाळाला न बघता माघारी गेल्या. मला वाटलं, संपलं, आता आईला बोलावणार नाहीत. पण दुसऱ्या दिवशी वरून हाक आली तशीच. "मावशी, या की!" मी म्हटलं, चला, बाई दिसते तशी नाही. मूर्ख मी.

आता विस्तवाचं. वरचा शेक झाला की राख आणि उरलेला विस्तव मागच्या उकिरड्यावर टाकून यायचं काम आईचंच. आईनं बघितलं, निखारे चांगले फुललेले आहेत. टाकायचेच आहेत. तिनं घमेलं वाटेत आमच्या खोलीत वळवलं आणि निखारे आमच्या शेगडीत ओतले. मी घाबरून म्हटलं, "आई, शेगडी पेटवायची नाही म्हणून सांगितलंय." तर म्हणते कशी, "पेटवायची नाही म्हणल्या ना? म्या कुठं पेटवली? पेटलेलीच आणली."

मला इतकं हसू आलं की टाके दुखले. आठवडाभर आम्ही असं चोरून शेकलो. चोरून कसलं, त्यांनी फेकलेलं. दार जरासं उघडं ठेवायचं आणि शेगडी खाटेखाली. लेकीचे पाय गरम लागायला लागले. तिनं पहिल्यांदा पोटभर दूध ओढलं त्या दिवशी मी रडले. आणि आठव्या दिवशी मालकीणबाई ती बादली घेऊन आल्या.

त्या गेल्यावर खोलीत चिखल झालेला. जमीन ओली, हवा ओली, गोधडीची कड भिजलेली. मी लेकीच्या पायाला हात लावला. गार. मी तिचं अंगडं काढलं, माझा ब्लाऊज उघडला, तिला छातीशी धरलं आणि वरून होतं नव्हतं ते सगळं ओढलं. "आई, तिच्या पाठीला हात लाव गं. तुझा हात गरम असतो." आईनं गोधडीखाली हात घातला आणि मी दचकले. बर्फासारखा हात. सकाळचे साडेनऊ वाजलेले, आई नुकतीच वरून आलेली, एवढा वेळ शेगडीजवळ बसलेली. मग मी नीट बघितलं. तिच्या मानेवरचे केस ओले होते. पोलकं ओलं होतं.

"आई, तू आंघोळ कधी केलीस?"

"सकाळीच की."

"मी पाणी तापवलेलं तसंच आहे. कुठं केलीस?"

मी सोडते होय! खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. फोटो बघितला त्या दिवसापासून मालकीणबाईंनी अट घातली होती. जिन्याखालच्या नळावर आंघोळ करायची, मग वर यायचं, मग ताईला हात लावायचा. नळाला गार पाणी. गच्चीवर सोलरची टाकी, वर हवं तेव्हा गरम पाणी, आणि माझी आई डिसेंबरात सकाळी सातला अंगावरच्या लुगड्यानिशी नळाखाली बसायची. चहा जिन्यात, कागदी कपात. काम झाल्यावर ती बसली होती ती चटई त्या पाणी शिंपडून आत घ्यायच्या. कुडकुडत वर जायचं आणि त्यांच्या लेकीला ऊब द्यायची.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"कामून सांगू? तुझ्या जिवाला ताप झाला असता. आन् विस्तव मिळत होता ना लेकराला."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या आठ दिवसांच्या शेकाची किंमत माझ्या आईनं नळाखाली बसून भरली होती, आणि मी इकडं हसत होते, पेटलेलीच आणली म्हणून. मला आईचा राग आला. खरं सांगते, मालकीणबाईंच्या आधी आईचा आला. एवढं सोसायला तुला कोणी सांगितलं? फोटो भिंतीवर लावायचा आणि अंग नळाखाली घालायचं? मी बोलले तसं तिला. ती रडली नाही. म्हणाली, "तू कंपनीत सुपरवायझरचं ऐकतीस, ते काय करतीस?" तीन वर्षं मी लाईनवर मान खाली घालून "हो सर" म्हणत होतेच.

त्या रात्री कोणी झोपलं नाही. पोर आळीपाळीनं आमच्या छातीवर.

सकाळी सातला वरून हाक. "मावशी! या की, ताई थांबलीय!" जसं काही घडलंच नव्हतं. बादली नाही, राख नाही, काही नाही. आणि माझी आई उठली. टॉवेल घेतला. "लेकराचा काय दोष," म्हणाली.

मी तिच्या हातातला टॉवेल ओढून घेतला. "बस खाली."

"अगं, खोली जाईल."

"जाऊ दे."

नवरा म्हणाला, "तू जरा शांत हो." मी म्हटलं, "मी शांतच आहे." आणि खरंच होते. मी लेकीला छातीशी बांधलं, डोक्याला फडकं गुंडाळलं, कानात कापूस होताच, आणि दार उघडलं. आई मागून ओरडली, "अगं वली बाळंतीण हाईस तू! सव्वा महिना उंबरा ओलांडू नाही!" मी ओलांडला.

बाहेरच्या जिन्यानं वर गेले. प्रत्येक पायरीला टाके ओढत होते. मालकांच्या मजल्यावरून पुढं गच्चीवर. भाडेकरूंनी गच्चीवर जायचं नाही असा नियम, दोन वर्षांत एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. वर गेले आणि बघते तर काय, ऊन! कोवळं, पिवळं, आख्ख्या गच्चीभर. आमच्या खोलीवर पडायचं ते सगळं इथं अडून बसलेलं. एका कोपऱ्यात चटईवर ताई, मांडीवर तिची मुलगी, शेजारी तेलाची वाटी. ती आईची वाट बघत होती. मी तिच्यापासून चार हात लांब बसले, फडकं बाजूला केलं आणि लेकीचे दोन्ही पाय उन्हात धरले.

ताईनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

मालकीणबाई धावतच आल्या. "ए पोरी, खाली उतर. कोणी सांगितलं वर यायला? मावशी कुठंय?"

"आई येणार नाही."

"येणार न्हाई म्हंजे?"

"नळावर आंघोळ करून तुमच्या पोरीला हात लावायला ती येणार नाही. हीटर नको म्हणालात, काढला. फोम काढला. शेगडी विझवली. आता मी उन्हात बसणार."

"ही गच्ची आमची हाय."

"गच्ची तुमची आहे. माझी पोर गार पडतेय."

"आजच्या आज खोली खाली करा!"

"करार मार्चपर्यंत आहे. तो तुमच्या मुलानंच करून दिलाय. तोवर मी रोज येणार."

त्या तरातरा गार पाण्याच्या टाकीकडं गेल्या. नळाखाली बादली लावली. भरेपर्यंत माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. भरलेली बादली उचलून माझ्यासमोर आणली. तीच हिरवी बादली. खाली खोल्यांच्या दारांत बाया वर बघत उभ्या होत्या. एकही पुढं आली नाही. मी लेकीवर वाकले नाही. वाकले असते तर आयुष्यभर वाकले असते.

"ओता काकू," मी म्हटलं. "आता हे ऊन विझतंय का बघा."

बादली हवेत राहिली. मग त्यांनी ती खाली ठेवली, इतकी जोरात की पाणी त्यांच्याच पायावर उडालं.

थोड्या वेळानं जिन्यात पावलं वाजली. आई. केस कोरडे. वर यायला तिनं अंगावर पाण्याचा थेंब घेतला नव्हता. हातात आमची तेलाची वाटी. ती माझ्या शेजारी बसली, हात उन्हात चोळले, चांगले तापू दिले आणि माझ्या लेकीची पाठ चोळायला घेतली. तेवढ्यात ताईची मुलगी रडायला लागली. ताईला तिला नीट धरता येईना, मालकीणबाईंना उगी करता येईना. पोर लालबुंद झाली. आईचे हात थांबले. ती अर्धी उठली.

"आई, बस."

"लेकरू हाय गं ते."

"लेकरूच आहे. त्यांनी खुर्ची द्यावी, घरातल्या कपात चहा द्यावा आणि नाव घेऊन बोलवावं. तोवर बस."

आई बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पोर रडतच राहिलं. मला त्याचं वाईट वाटलं, आजही वाटतं. मी तरीही आईला उठू दिलं नाही.

मी लेकीच्या तळपायाला हात लावून बघितला. गरम होता. मी मालकीणबाईंकडं बघून म्हटलं, "उद्या सातला येते."

मार्चपर्यंत एकही दिवस चुकवला नाही.