साल पाहून सांगा

लाखनीच्या शाळेतले आमचे सर विज्ञान स्पर्धेसाठी झाडांची ओळख घोटून घेत. "पानाचं काय, गळून जाते. साल पाहून सांगा." मोह, धावडा, पळस, कुठल्याही बुंध्यावर तळवा टेकून विचारायचे, "हे कोनतं झाड हाये?" उत्तर येईपर्यंत तेच विचारत राहायचे, आम्ही वैतागायचो. सराव त्यांच्या अंगणातल्या आंब्याखाली चाले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आम्हाला पाणी आणून देत.

स्पर्धा तोंडावर आली आणि काकू गेल्या. आम्ही पोरं घाटावर गेलो. चितेसाठी अंगणातला तोच आंबा तोडला होता. सरांनी एका ओंडक्यावर तळवा टेकला.

"हे कोनतं झाड हाये?"

आम्ही सगळ्यांनी ओळखलं होतं. कुणीच बोललं नाही.

सरांनी पुन्हा विचारलं नाही.